आम्ही विचारलेच नाही

“आपा, अब्बा को मिट्टी कौन कौन दिया?”

तुरुंगातल्या मुलाखतीत माझ्या धाकट्या भावाने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. अब्बांच्या इंतकालाला तेव्हा चार दिवस झाले होते. मधे जाळी होती, आजूबाजूला दहा-पंधरा माणसे एकदमच बोलत होती, त्यामुळे त्याला प्रश्न दोनदा विचारावा लागला. मी एकेक नाव सांगत गेले. मामू, दोन्ही चुलते, जमातीचे सदर, शाळेतले गुरुजी, शेजारचे काका. तो प्रत्येक नावावर मान हलवत होता. नावे संपली तेव्हा तो गप्प झाला. एकुलता एक मुलगा असून यादीत त्याचेच नाव नव्हते.

ही २०१७ सालची गोष्ट. आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे. अब्बांचे शिलाईचे दुकान, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, भाऊ भाड्याचा टेम्पो चालवायचा. त्या वर्षी बाजारात दोन गटांत भांडण झाले, दगडफेक झाली. फिर्यादीत अकरा जणांची नावे होती आणि शेवटी लिहिले होते, ‘व इतर वीस ते पंचवीस जण’. त्या ‘इतर’मध्ये दोन दिवसांनी माझ्या भावाची भर पडली. भांडणाच्या वेळी तो माजलगावला माल उतरवत होता. हे कोर्टात सिद्ध व्हायला चार वर्षे लागली. तो निर्दोष सुटला, पण ते फार नंतर.

अटकेनंतर दोन महिन्यांनी अब्बांना झटका आला. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात ते नऊ दिवस होते. बोलता येत नव्हते, पण दार वाजले की दाराकडे पाहायचे. ते कोणाची वाट पाहत होते हे आम्हा सगळ्यांना कळत होते. दहाव्या दिवशी पहाटे ते गेले आणि जोहरनंतर दफन झाले.

मुलाखत संपवून बाहेर पडताना मला रडू आवरले नाही. फाटकावरच्या शिपाईदादांनी पाणी दिले आणि विचारले, “ताई, वडील आजारी असताना कोर्टात अर्ज केला होता का? पोलीस बंदोबस्तात भेटवून आणतात कधी कधी. काही दिवसांचा तात्पुरता जामीनही मिळतो.”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. नऊ दिवस! वकिलांना फोन करायचे कोणाच्या मनातही आले नव्हते. आलो असतो तर अर्ज मंजूर झालाच असता, असे मी म्हणत नाही. न्यायाधीशांनी नाकारलाही असता. पण तसे झाले असते तर नाकारल्याचे दुःख राहिले असते. आमच्या वाट्याला आले ते दुसरेच. आम्ही विचारलेच नाही. तुरुंगात गेलेल्या माणसाला काही मागता येते, हेच आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते.

त्यानंतर मी वाचू लागले. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीने आमच्या शाळेत कायदेविषयक शिबिर घेतले होते. तिथे आलेल्या एका वकीलताईंनी मला पुस्तके दिली आणि माझे अडाणी प्रश्न न हसता ऐकून घेतले. त्यांच्याकडूनच मला पहिल्यांदा नेल्सन मंडेला नियमांविषयी कळले.

कैद्यांना कसे वागवावे याचे किमान नियम संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हा येथील परिषदेत १९५५ साली तयार झाले. साठ वर्षांनी, १७ डिसेंबर २०१५ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ते सुधारून पुन्हा मंजूर केले आणि त्यांना मंडेलांचे नाव दिले. एकूण १२२ नियम आहेत. त्यातला सत्तरावा वाचताना माझा हात थांबला. जवळच्या नातेवाइकाचे गंभीर आजारपण किंवा मृत्यू कैद्याला ताबडतोब कळवावा आणि परिस्थिती अनुकूल असेल तर त्याला बंदोबस्तात किंवा एकट्याला आजाऱ्याच्या उशाशी अथवा अंत्यविधीला जाऊ द्यावे, असे तो सांगतो. म्हणजे दवाखान्यातले ते नऊ दिवस कोणीतरी आधीच विचारात घेतले होते. जगभरच्या देशांनी मिळून ते कागदावर लिहून ठेवले होते. आम्हाला मात्र पत्ता नव्हता.

मंडेला सत्तावीस वर्षे कैदेत होते. १९६८ मध्ये त्यांची आई वारली आणि पुढच्याच वर्षी थोरला मुलगा मोटार अपघातात गेला. दोन्ही वेळा त्यांनी अंत्यविधीला जाण्याची परवानगी मागितली. दोन्ही वेळा ती नाकारली गेली. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांत हा नियम आहे, हे मला फार मोठे वाटले.

याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे, जी आपण सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. माणसाचे स्वातंत्र्य काढून घेणे हीच शिक्षा आहे. त्यावर तुरुंगाने आपल्या पदरचा त्रास वाढवू नये. ज्याचा गुन्हा सिद्ध झालेला नाही त्याला निर्दोषच मानावे आणि तसेच वागवावे. आजारी कैद्याला बाहेरच्या माणसाला मिळतो तसाच उपचार मिळावा. आईबरोबर तुरुंगात राहणाऱ्या लेकराला कधीही कैदी समजू नये. भेटीला येणाऱ्यांची झडती अपमानकारक असू नये. धर्माप्रमाणे इबादत करता यावी.

“पण हे जगाचे नियम आपल्याकडे चालतात का?” मी वकीलताईंना विचारले. त्या म्हणाल्या की मंडेला नियम हा करार नाही, त्यामुळे त्यांचे थेट बंधन नाही. तरी न्यायालये त्यांचा आधार घेतात आणि केंद्राने २०१६ साली केलेल्या नमुना कारागृह नियमावलीतही त्यांची दखल आहे. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मात्र खराखुरा करार आहे. तो १९६६ चा. भारत त्यात १० एप्रिल १९७९ रोजी सामील झाला. कैदेत ठेवलेल्या प्रत्येक माणसाशी माणुसकीने आणि त्याची प्रतिष्ठा राखून वागावे, असे त्याचे दहावे कलम सांगते.

आणि छळाविरुद्धचा करार? तो १९८४ चा. भारताने त्यावर ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली, पण अनुमोदन अजून दिलेले नाही. सही आणि अनुमोदन यांतला फरक मी माझ्या अम्मीला असा समजावून सांगितला : सही म्हणजे मंगनी, अनुमोदन म्हणजे निकाह. मंगनीने नाते ठरते, जबाबदारी निकाहने येते. अम्मी म्हणाली, “१९९७ पासून मंगनीच? मुलीकडच्यांनी विचारायला नको का?”

अम्मी हसत बोलली, पण नेमके बोलली. विचारायला नको का?

आपल्या देशात कैद्यांच्या हक्कांचा इतिहास पाहिला तर प्रत्येक हक्काच्या मागे विचारणारे कोणीतरी दिसते. १९६५ मध्ये मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेले प्रभाकर संझगिरी यांनी अणूच्या अंतरंगाविषयी मराठीत विज्ञानाचे पुस्तक लिहिले. ते छपाईसाठी बाहेर पाठवायला सरकारने मनाई केली. संझगिरींनी विचारले, का? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायालयाने सरकारची मनाई चुकीची ठरवली. नियमाने जे काढून घेतलेले नाही ते कैद्याकडे शिल्लक राहते, हे एका मराठी पुस्तकामुळे पक्के झाले.

१९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांतली बातमी वर्तमानपत्रात आली. गुन्ह्याला जेवढी शिक्षा असते त्याहून जास्त काळ माणसे खटल्याविना आत होती. एका महिला वकिलांनी ती बातमी घेऊन सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ते प्रकरण हुसैनारा खातून या कैदी स्त्रीच्या नावाने ओळखले जाते. खटला लवकर चालणे आणि गरिबाला मोफत वकील मिळणे हे जगण्याच्या हक्कातच येते, असे न्यायालयाने सांगितले. त्याच सुमारास तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्रा यांनी एका न्यायमूर्तींना पत्र लिहिले. पत्र स्वतःसाठी नव्हते. शेजारच्या एका कैद्याचा छळ झाला होता, त्याच्यासाठी होते. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगातल्या स्त्रियांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र पाठवले. त्यामुळे १९८३ मध्ये निकाल आला की स्त्रियांची कोठडी वेगळी असावी आणि पहाऱ्यावर महिला पोलीस असाव्यात.

संझगिरी सोडले तर बाकी सगळ्यांनी दुसऱ्यासाठी विचारले. ज्याच्या मानेवर फाशी होती त्यानेही दुसऱ्यासाठीच विचारले.

हे वाचताना मला आमच्या गल्लीतली एक खाला आठवली. माझ्या भावाच्या अटकेच्या कितीतरी वर्षे आधी तिच्या मुलाला पोलिसांनी नेले होते. त्याला जामीन मिळाला, पण जामीनदार मिळेना. ती अब्बांकडे आली होती. आमच्या नावावर थोडी जमीन होती, सातबारा होता. अब्बांनी तिला चहा पाजला, सबुरीने घे म्हणाले आणि सही करायला नकार दिला. ती गेल्यावर म्हणाले, “कुछ तो किया होगा.” मी तिथेच वह्या तपासत बसले होते. मीही काही बोलले नाही.

माझ्या भावाला जामीन मंजूर झाला तेव्हा तोही सतरा दिवस आतच राहिला. आम्ही ज्यांच्या ज्यांच्या दारी गेलो त्यांनी चहा पाजला. शेवटी माझ्या शाळेतल्या गुरुजींनी आपला सातबारा आणि ऐपतीचा दाखला कोर्टात ठेवला. ते हिंदू, आमच्या नात्याचे ना गोत्याचे. “पोरगा पळून जाणार नाही, मला माहीत आहे,” एवढेच ते म्हणाले. त्या सतरा दिवसांत मला खालाचा चेहरा रोज दिसत होता.

तिच्या मुलाला निदान परत यायला मिळाले. गोदावरीपलीकडे परभणीत एका आईला तेही मिळाले नाही. आसिया बेगम यांचा मुलगा ख्वाजा युनूस हा सत्तावीस वर्षांचा इंजिनियर. डिसेंबर २००२ च्या घाटकोपर स्फोटप्रकरणी त्याला अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले की औरंगाबादकडे नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. त्याच्याबरोबर पकडलेल्या एका डॉक्टरांनी कोर्टात सांगितले की त्याला कोठडीत बेदम मारहाण होताना त्यांनी पाहिले. घरच्यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली, गुन्हे अन्वेषण विभागाने तपास केला, चार पोलिसांवर खटला दाखल झाला, उच्च न्यायालयाने भरपाई द्यायला लावली. स्फोटाच्या खटल्यातले इतर आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. पण युनूसच्या मृत्यूचा खटला दोन दशके उलटली तरी रेंगाळतच राहिला. त्याचा देह कधीच मिळाला नाही. माझ्या भावाला अब्बांच्या कबरीवर उशिरा का होईना, माती टाकता आली. आसिया बेगम यांच्याजवळ कबरच नाही.

मग आला २०२४ चा डिसेंबर. १० डिसेंबर हा जागतिक मानवी हक्क दिन. त्याच दिवशी परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी शहरात हिंसाचार झाला आणि धरपकड सुरू झाली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा आढळल्या. त्याची आई विजयाबाई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही आदेश कायम राहिला.

एकच शहर, मधे बावीस वर्षे. एक मुस्लिम आई, एक वडार समाजातली आई. दोघींनी एकच प्रश्न विचारला : माझा मुलगा तुमच्या ताब्यात होता, त्याचे काय केले?

कैदी हा ताब्यात घेणाऱ्याजवळची अमानत असतो. तो स्वतः दवाखान्यात जाऊ शकत नाही, दार बंद करू शकत नाही, साक्षीदार बोलावू शकत नाही. म्हणून त्याच्या अंगावर ओरखडा उठला तर खुलासा करण्याची जबाबदारी ताबा घेणाऱ्याची. १९९३ मध्ये ओडिशातल्या नीलाबती बेहेरा या आईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोठडीतल्या मृत्यूबद्दल सरकारला भरपाई द्यायला लावली, त्यामागे हेच तत्त्व आहे.

आपल्याला ही भाषा परकी वाटायचे कारण नाही. सूरह यूसुफ आपण लहानपणापासून ऐकतो. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम निर्दोष असून तुरुंगात गेले. सुटून जाणाऱ्या सोबत्याला त्यांनी सांगितले होते की बादशहाजवळ माझा उल्लेख कर. तो विसरला आणि ते कैक वर्षे आतच राहिले. बाहेरचा माणूस विसरला म्हणून आतला माणूस अडकून पडला. हा किस्सा मी शेकडो वेळा ऐकला होता, पण मुलाखतीच्या रांगेत उभी राहीपर्यंत मला तो कळला नव्हता. पुढे बादशहाचे बोलावणे आले तेव्हाही ते लगेच निघाले नाहीत. आधी माझ्यावरच्या आरोपाची चौकशी करा, असा त्यांनी निरोप पाठवला. त्यांना नुसती सुटका नको होती, न्याय हवा होता.

सूरह दहरमध्ये नेक माणसांच्या वर्णनात गरीब आणि यतीम यांच्याबरोबर कैद्याला खाऊ घालण्याचाही उल्लेख आहे. आपण रमजानमध्ये गरिबाची आणि यतिमाची आठवण ठेवतो. तिसऱ्याचे काय?

खलिफा हारून रशीद यांच्या काळात काझी अबू यूसुफ यांनी ‘किताबुल खराज’ लिहिली. त्यांचा इंतकाल इसवी सन ७९८ मधला. त्या ग्रंथात त्यांनी खलिफाला सांगितले की कैद्यांना बैतुलमालमधून दरमहा दहा दिरहम द्यावेत, हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे वेगवेगळे कपडे द्यावेत, स्त्रियांनाही द्यावेत. बेड्या घालून त्यांना भीक मागायला बाहेर काढू नये. त्यांची प्रकरणे नियमित तपासावीत, म्हणजे ज्याच्यावर काही नाही तो सुटेल. आणि ज्याचे कोणी नाही असा कैदी वारला तर त्याचे कफन, जनाजा आणि दफन सरकारी खर्चाने व्हावे. भूक, भीती किंवा कैद दाखवून वदवून घेतलेला कबुलीजबाब खरा धरता येत नाही, हा हजरत उमर रजियल्लाहु अन्हु यांचा विचारही त्यात नोंदलेला आहे.

हे सांगून छाती फुगवणे सोपे आहे. पण अबू यूसुफ ज्या बगदादमध्ये काझी होते त्याच्याच जवळ अबू गरीब तुरुंग होता. २००४ मध्ये तिथली अमेरिकी सैनिकांनी केलेल्या छळाची छायाचित्रे जगाने पाहिली. त्याआधी सद्दाम हुसेन यांच्या राजवटीतही तिथे छळच होत होता. म्हणजे राज्य कोणाचे, हा प्रश्न नाही. भिंतीच्या आत काय चालले आहे हे बाहेरून कोणी विचारते की नाही, हा प्रश्न आहे.

आणि इथेच माझी स्वतःची परीक्षा झाली. परभणीच्या घटनेच्या आदल्या दिवशी, ९ डिसेंबर २०२४ रोजी, आमच्याच जिल्ह्यात केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून निर्घृण खून करण्यात आला. सारा जिल्हा हादरला. त्या दिवसांत शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणाले, “खटला कशाला? एन्काउंटर करा.” माझ्याही तोंडून निघाले, “हो, तेच पाहिजे.” त्यांच्या घरच्यांचे दुःख पाहून कोणाचेही रक्त उसळेल असेच ते होते.

घरी येईपर्यंत मला माझेच वाक्य टोचू लागले. माझ्या भावाबद्दलही बाजारात कोणी असेच बोलले असेल. फरक एवढाच की तो निर्दोष आहे हे मला माहीत होते, बोलणाऱ्याला नव्हते. दोषी कोण हे ठरवण्याचे काम ज्या दारात होते ते दारच बंद केले तर निर्दोषालाही आत जायला वाट उरत नाही. आरोपीला वकील मिळावा, मारहाण होऊ नये, साक्षीपुरावे उघडपणे तपासले जावेत, हे त्याच्यावरच्या मेहेरबानीसाठी नसते. शिक्षा झाली तर ती खऱ्या गुन्हेगारालाच व्हावी आणि वरच्या कोर्टात टिकावी, हा मारल्या गेलेल्या माणसाच्या घराचाही हक्क आहे. दुसऱ्या दिवशी मी शाळेत तेवढे बोलून दाखवले. दोघांना पटले, दोघे नाराज झाले. बोलले मात्र खरी.

२०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा खटला अजून संपलेला नव्हता, म्हणजे दर चारांतले तीन. मुस्लिम, दलित आणि आदिवासी यांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त आहे. त्यांतले दोषी किती, निर्दोष किती, हे मी सांगू शकत नाही. पण प्रत्येकाच्या घरी कोणीतरी वाट पाहत असणार.

म्हणून मला कळलेल्या चार गोष्टी इथे लिहिते. कापून ठेवा, कोणाला तरी लागतील.

अटक झाली की कारण सांगणे आणि घरच्यांना किंवा मित्राला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. मारहाण झाली असेल तर तिथेच, त्याच वेळी सांगायचे आणि वैद्यकीय तपासणी मागायची. अपवादात्मक परिस्थिती सोडून सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. तसे करायचेच झाले तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्यात तसा हक्क आहे. जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात समिती आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.

जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा आदेश आहे. माझ्या भावाच्या वेळी तो नव्हता. आता आहे. कळवले का, हे आपण विचारायचे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ खटल्याविना आत काढला असेल तर त्याची जामिनावर सुटका व्हायला हवी. इतरांसाठी ही मुदत निम्मी आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही, एकाहून अधिक प्रकरणे चालू असली तरीही नाही.

आणि घरात कोणी गंभीर आजारी असेल, कोणाचा इंतकाल झाला असेल, तर लगेच वकिलाला गाठून अर्ज करा. शिक्षा झालेल्या कैद्यासाठी पॅरोलची सोय आहे. खटला चालू असलेल्यासाठी कोर्टात मागावे लागते. मिळेल की नाही याचा विचार नंतर.

गेल्या रमजानमध्ये मी त्या खालाकडे गेले. ती आता थकली आहे, मुलगा पुण्यात नोकरी करतो. मी अब्बांच्या वतीने आणि माझ्या वतीने माफी मागितली. ती म्हणाली, “बेटी, तुझ्या भावाच्या वेळी मी तुमच्याकडे यायला हवे होते. तुरुंगात कपडे कसे द्यायचे, पैसे कसे जमा करायचे, सगळे मला माहीत होते. पण मला वाटले, तुम्हाला आवडणार नाही.” मी काय बोलणार? एकाच गल्लीत दोन घरे, दोघांचे दुःख एक, आणि दोघांची दारे बंद.

आता आम्ही दोघी मिळून एक वही ठेवली आहे. गल्लीतले, मोहल्ल्यातले कोणी आत असेल तर त्याचे नाव, पुढची तारीख, वकील आहे की नाही आणि जामीनदार हवा आहे का, एवढेच लिहितो. त्यात सगळीच नावे आपल्या जमातीची नाहीत. गुरुजींनी एका ऊसतोड कामगाराच्या मुलाचे नाव दिले आहे. त्याने काय केले, हे आम्ही लिहीत नाही. ते कोर्ट ठरवील.

परवा त्या मुलाच्या आईला घेऊन मी तालुक्याच्या कोर्टात गेले. समितीने वकील नेमून दिला. परत येताना ती म्हणाली, “बाई, एवढे विचारायचे असते हे मला कोणी सांगितलेच नव्हते.”

अल्लाह तआला प्रत्येक निर्दोष कैद्याची सुटका सोपी करो, प्रत्येक मजलूमाला न्याय देवो आणि बाहेर असलेल्या आपल्याला विसरभोळे करू नये. आमीन.